लोकलमधून पडणारा प्रवासी आणि रेल्वेचे दोषनिरपेक्ष दायित्व : रेल्वे अधिनियमातील कलम १२४-अ चे आकलन

प्रस्तावना

डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीसाठी जाणारा एखादा प्रवासी घाटकोपरपर्यंत लोकलने, तेथून मेट्रोने आणि अंधेरीला उतरल्यावर बेस्टच्या बसने जातो. सकाळच्या या एकाच प्रवासात तो तीन स्वतंत्र कायद्यांच्या कक्षांतून जात असतो, याची त्याला सहसा कल्पना नसते. लोकलमध्ये इजा झाल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ लागू होतो व दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. मेट्रोसाठी २००२ चा स्वतंत्र अधिनियम असून त्यात दावा आयुक्ताची तरतूद आहे. बसच्या अपघातास मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू होतो आणि दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. इजा तीच, माणूस तोच. परंतु भरपाई कोणी, किती आणि कोणत्या आधारावर द्यावयाची याची उत्तरे तीन ठिकाणी तीन प्रकारची आहेत.

प्रस्तुत लेखात यांपैकी पहिल्या प्रकाराचा, म्हणजे चालत्या लोकलमधून पडून होणाऱ्या मृत्यूचा व दुखापतीचा, विचार केला आहे. हा विषय मुंबई महानगर परिसरातील महाविद्यालयांना परका नाही. आपले विद्यार्थी, कार्यालयीन कर्मचारी आणि सहकारी प्राध्यापक याच गाड्यांनी येतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील मृत्यूंबाबत २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे सुनावणीस आलेल्या जनहित याचिकेत २०२३ या एका वर्षातील मृतांची संख्या २,५९० आणि जखमींची संख्या २,४४१ अशी मांडण्यात आली होती. यात रूळ ओलांडताना मरण पावणाऱ्यांचा वाटा मोठा असला, तरी गाडीतून पडून मरण पावणारेही थोडे नाहीत. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळील वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकत असलेले प्रवासी खाली कोसळले आणि त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : दारात लटकायचे कशाला? तो शिक्षकांच्या खोलीतही विचारला जातो. नैतिक अंगाने त्याचे उत्तर कोणी काहीही द्यावे. कायद्याच्या दृष्टीने मात्र भरपाई देय आहे की नाही हे ठरविताना तो प्रश्न १९९४ पासून गैरलागू ठरलेला आहे. हे पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते. खुद्द न्यायाधिकरणांनाही ते मान्य व्हावयास बराच काळ लागला.

कलम १२४ आणि कलम १२४-अ

अपकृत्याच्या सर्वसाधारण कायद्यात भरपाई मागणाऱ्याने समोरच्याची हयगय सिद्ध करावी लागते. रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४ ने गाड्यांची टक्कर, गाडी रुळावरून घसरणे अशा अपघातांपुरता हा नियम बाजूला ठेवला. रेल्वेकडून कोणतेही गैरकृत्य, हयगय वा कसूर झाली असो वा नसो, ती भरपाईस जबाबदार राहील, अशी या कलमाची शब्दरचना आहे. परंतु गर्दीने भरलेल्या गाडीच्या दारातून एखादा माणूस खाली पडला, तर गाडीला काहीच झालेले नसते. ती पुढच्या स्थानकावर वेळेवर पोहोचते. त्यामुळे हा अपघात कलम १२४ मध्ये बसत नव्हता. मृताच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाचा आधार घेऊन दिवाणी न्यायालयात जाणे व रेल्वेची हयगय पुराव्याने शाबीत करणे, एवढाच मार्ग उरत असे. कमावता माणूस गेलेल्या कुटुंबाला तो कितपत झेपत असेल, हे सांगावयास नको.

१९९४ च्या दुरुस्तीने ही उणीव दूर केली. १ ऑगस्ट १९९४ पासून कलम १२३ मध्ये 'अनटुवर्ड इन्सिडेंट' ही नवी संज्ञा आली. प्रस्तुत लेखात तिला 'अनिष्ट घटना' म्हटले आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात घडणारी दहशतवादी कृत्ये, हिंसक हल्ला, लूट, दरोडा, दंगल, गोळीबार व जाळपोळ यांचा समावेश होतो. दुसरा भाग एका ओळीचा आहे : प्रवासी वाहून नेणाऱ्या गाडीतून प्रवाशाचे अपघाताने पडणे. कलम १२४-अ ने या दोन्ही प्रकारांसाठी कलम १२४ मधील तीच शब्दरचना उचलली. रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाई देय. या दायित्वाला पाच अपवाद आहेत : आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, प्रवाशाचे स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य, आणि नैसर्गिक कारण, आजार वा उपचार, अर्थात तो उपचार त्याच घटनेतील इजेमुळे करावा लागला नसेल तर.

या यादीत प्रवाशाची हयगय कोठेही नाही. विधिमंडळाला ती घालावयाची असती तर घालता आली असती.

जाता जाता एका त्रुटीचा उल्लेख केला पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. अनिष्ट घटनेच्या व्याख्येतील पहिल्या भागात दंगल आहे, दरोडा आहे. चेंगराचेंगरी हा शब्द नाही. उपनगरी स्थानकांची अवस्था पाहता ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

हयगयीचा पुनःप्रवेश

दोषाचा प्रश्न कायद्याने पुढच्या दाराने बाहेर घालविला, तरी तो मागच्या दाराने आत येत राहिला. दाव्यांना उत्तर देताना रेल्वे प्रशासन सातत्याने दोन अपवादांचा आश्रय घेत आले आहे. दारात उभे राहणे किंवा चालती गाडी पकडणे ही स्वतःहून करून घेतलेली इजा होय, हा पहिला युक्तिवाद. आणि ते गुन्हेगारी कृत्य होय, हा दुसरा. अनेक न्यायाधिकरणांनी व काही उच्च न्यायालयांनीही तो मान्य केला आणि वारसांचे दावे फेटाळले गेले.

या वादावर सर्वोच्च न्यायालयाचे तीन निर्णय निर्णायक ठरले. पहिला २००८ चा, केरळमधील एका प्रकरणातील. गाडीत चढण्याच्या प्रयत्नात एक स्त्री रुळांवर पडून मरण पावली होती. गाडीत प्रवेशच झाला नव्हता, मग ती 'गाडीतून' पडली असे कसे म्हणावे, असा प्रश्न होता. न्या. मार्कंडेय काटजू यांनी लिहिलेल्या निर्णयात कल्याणकारी कायद्याच्या तरतुदीचे दोन अर्थ संभवत असतील तर उदार अर्थ स्वीकारला पाहिजे, हे तत्त्व लावले गेले. ज्यांना खासगी वाहन परवडत नाही असे कोट्यवधी लोक रेल्वेने प्रवास करतात; संकुचित अर्थ घेतल्यास त्यातील पुष्कळांना भरपाई नाकारली जाईल, हे कारणही त्यात नोंदविले आहे. त्यामुळे चढताना पडणे हेही गाडीतून पडणेच ठरले. या निर्णयात १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लिश खटल्यापासून १९८७ च्या एम. सी. मेहता प्रकरणापर्यंत कठोर दायित्वाच्या तत्त्वाचा मागोवा घेतलेला आहे. विधी शाखेबाहेरच्या अभ्यासकांनीही तो भाग अवश्य वाचावा.

दुसरा निर्णय २०१० चा. न्या. आफताब आलम व न्या. आर. एम. लोढा यांच्यापुढील या प्रकरणात मृत प्रवासी धावत्या गाडीच्या उघड्या दारात उभा होता आणि पडला. उच्च न्यायालयाने त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा कारण मानून भरपाई नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने भेद स्पष्ट केला : उघड्या दारात उभे राहणे निष्काळजीपणाचे, अगदी अविचाराचेही असू शकेल, तेवढ्याने ते गुन्हेगारी कृत्य होत नाही.

तिसरा आणि सर्वांत व्यापक निर्णय ९ मे २०१८ चा, न्या. आदर्श कुमार गोयल व न्या. रोहिंटन नरिमन यांचा. स्वतःहून करून घेतलेल्या इजेसाठी तशी इजा करून घेण्याचा हेतू असावा लागतो. कोणत्याही दर्जाची निव्वळ हयगय पुरेशी नाही, असे त्यात ठरले. दोषनिरपेक्ष दायित्वाच्या दाव्यात अंशदायी हयगयीचे तत्त्व आणता येत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. चढताना किंवा उतरताना पडलेल्यास भरपाईचा हक्क आहे, यावर तेव्हापासून दुमत राहिलेले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने हीच दिशा उपनगरी गर्दीच्या संदर्भात पुढे नेली. गर्दीच्या लोकलमधून पडून जखमी झालेल्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या प्रकरणात २०२२ मध्ये न्यायालयाने गुन्हेगारी कृत्याचा बचाव अमान्य करून भरपाई मंजूर केली. २००५ मधील एका मृत्यूबाबत डिसेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्णयात, कामावर जाण्यासाठी ज्याला गर्दीच्या वेळी दारात उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही त्याच्या या कृतीला हयगय म्हणता येणार नाही, असा अभिप्राय व्यक्त झाला. अपघात आणि हा निर्णय यांत वीस वर्षांचे अंतर आहे, याचीही नोंद घ्यावी.

फुटबोर्डवरून प्रवास करणे कलम १५६ खाली गुन्हा आहे, हे खरे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु या कलमातील एक अट नेहमी विसरली जाते. रेल्वे कर्मचाऱ्याने ताकीद दिल्यानंतरही जो तसाच प्रवास चालू ठेवतो, त्याच्यापुरता हा गुन्हा आहे. दिवा किंवा कळवा स्थानकात सकाळी साडेआठ वाजता फुटबोर्डवरील प्रत्येकास अशी ताकीद कोण देतो, हे तेथून जाणाऱ्यांना माहीत आहेच.

तिकीट कोठे आहे?

प्रवाशाच्या वर्तनाचा मुद्दा अशा रीतीने मागे पडला आणि वादाचा केंद्रबिंदू पुराव्याकडे सरकला. भरपाई 'प्रवाशा'ला मिळते. कलम १२४-अ च्या स्पष्टीकरणानुसार वैध तिकीट, पास किंवा फलाट तिकीट जवळ असणारी व्यक्ती आणि कामावरील रेल्वे कर्मचारी हे प्रवासी होत. रुळांवर सापडलेल्या मृतदेहाच्या खिशात मात्र तिकीट असतेच असे नाही. पाकीट गहाळ होते, कपडे फाटतात, मोबाइलचा चुराडा होतो. पंचनाम्यात 'तिकीट मिळून आले नाही' एवढे वाक्य आले की रेल्वेचा बचाव तयार होतो : मृत व्यक्ती प्रवासी नव्हती, रूळ ओलांडत होती. रूळ ओलांडणे हे कलम १४७ खालील अनधिकृत प्रवेशाचे कृत्य असल्याने तेथे कलम १२४-अ चा आधार उरत नाही.

२०१८ च्या निर्णयात यावर मध्यम मार्ग आखला गेला. केवळ रेल्वेच्या हद्दीत मृतदेह सापडला म्हणून ती व्यक्ती प्रवासी ठरत नाही. त्याचप्रमाणे केवळ तिकीट सापडले नाही म्हणून ती प्रवासी नव्हती असेही होत नाही. दावेदाराने संबंधित वस्तुस्थिती प्रतिज्ञापत्रावर मांडावी; तसे झाले की पुराव्याचा भार रेल्वेकडे जातो आणि मग उपलब्ध परिस्थितीवरून निर्णय करावयाचा. तपास करणारी यंत्रणा, स्थानकाचे अभिलेख आणि तिकीटविक्रीच्या नोंदी रेल्वेच्याच ताब्यात असतात. अनिष्ट घटनांच्या चौकशीसाठी स्वतंत्र नियम असून त्यानुसार रेल्वे सुरक्षा बलाने तपास करून विभागीय रेल्वे व्यवस्थापकापर्यंत अहवाल न्यावयाचा असतो. मासिक पास किंवा मोबाइलवरील तिकीट यांची नोंद तर रेल्वेच्या संगणकातच असते. असे असता दावेदाराला तिकिटाचा तुकडा दाखवावयास सांगणे प्रस्तुत लेखकाला न्यायाला धरून वाटत नाही.

रक्कम : समतेची किंमत

भरपाईची रक्कम १९९० च्या नियमांच्या अनुसूचीत ठरवून दिलेली आहे. मृत्यूसाठी ती आरंभी दोन लाख रुपये होती; १९९७ मध्ये चार लाख झाली आणि १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख आहे. दोन्ही हात गमावणे, दृष्टी पूर्ण जाणे अशा इजांसाठीही तेवढीच रक्कम आहे. मृत व्यक्ती उच्चपदस्थ होती की हमाल, याने तीत फरक पडत नाही. जुन्या अपघाताचा निकाल नव्या दरांच्या काळात लागला तर काय करावयाचे, याचे उत्तर २०१८ च्या निर्णयाने व त्याच्या २०१९ मधील स्पष्टीकरणाने दिले : अपघातसमयीची रक्कम अधिक व्याज आणि निकालसमयीची रक्कम यांपैकी जी मोठी असेल ती द्यावी. समजा, अपघातसमयीचा दर चार लाख आहे आणि व्याज द. सा. द. शे. ६ धरले आहे. दहा वर्षांनी निकाल लागल्यास ही बेरीज ६.४ लाख होते, म्हणून ८ लाख द्यावयाचे. वीस वर्षांनी लागल्यास ती ८.८ लाख होते, म्हणून ८.८ लाख द्यावयाचे.

ही समता आकर्षक दिसली तरी तिची दुसरी बाजू बसच्या अपघाताशी तुलना केल्यावर कळते. बत्तीस वर्षांचा, खासगी नोकरीत दरमहा २०,००० रुपये मिळविणारा, पत्नी व दोन मुले असलेला माणूस बसचालकाच्या हयगयीने मरण पावला, असे मानू. २००९ व २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयीन निर्णयांतील सूत्रानुसार भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवून मासिक उत्पन्न २८,००० धरले जाईल. वर्षाचे ३,३६,००० होतात. त्यातून स्वतःच्या खर्चासाठी एक तृतीयांश वजा केल्यास २,२४,००० उरतात आणि या वयास लागू होणाऱ्या १६ या गुणकाने गुणल्यास ३५,८४,००० रुपये होतात. अन्य शीर्षांखालील रकमा वेगळ्याच. हाच माणूस लोकलमधून पडल्यास आठ लाख.

अर्थात बसच्या दाव्यात चालकाची हयगय सिद्ध करावी लागते व प्रवाशाच्या अंशदायी हयगयीचा बचावही उपलब्ध असतो. खिडकीच्या कडेवर कोपर ठेवून बसलेल्या प्रवाशाला समोरून येणारे वाहन घासून इजा झाली, तर त्यात प्रवाशाचा दोष किती, हा जुना वाद आहे. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निर्णयात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने, खिडकीवर कोपर ठेवणे ही प्रवाशांची सर्वसाधारण सवय आहे व चालकांनी ती गृहीत धरूनच वाहन चालविले पाहिजे, असे म्हटले होते. लोकलच्या दारातील गर्दीबाबत न्यायालये आज जे म्हणत आहेत, त्याचे मूळ या विचारात दिसते. ज्यांना हयगय सिद्ध करणे शक्य नाही अशांसाठी मोटार वाहन अधिनियमातही कलम १६४ आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर इजेसाठी अडीच लाख अशी दोषनिरपेक्ष रक्कम त्यात निश्चित केली आहे. म्हणजे बसप्रवाशाच्या वारसांपुढे दोन मार्ग आहेत. रेल्वे प्रवाशाच्या वारसांना व्यवहारात एकच. कारण भरपाईचा असा दावा न्यायाधिकरणाच्या अनन्य अधिकारकक्षेत येतो आणि कलम १२८ नुसार एकाच अपघाताबद्दल दोनदा भरपाई मागता येत नाही.

सानुग्रह अनुदान ही तिसरीच गोष्ट आहे. मोठ्या दुर्घटनेनंतर शासन व रेल्वे जाहीर करतात ती रक्कम हक्काची नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर रेल्वेने मृतांच्या वारसांना प्रत्येकी दहा लाख रुपये जाहीर केले, म्हणजे अधिनियमाखालील रकमेहून अधिक. वृत्तपत्रांत मथळा न मिळालेल्या एकट्या प्रवाशाच्या मृत्यूनंतर अशी घोषणा होत नाही. त्याच्या वारसांना कलम १२४-अ शिवाय दुसरे काही नसते.

न विचारलेला प्रश्न

दोषनिरपेक्ष दायित्वाचा एक परिणाम क्वचितच चर्चिला जातो. भरपाईसाठी दोष तपासावयाचाच नसल्याने, हा माणूस का पडला, या प्रश्नाचे उत्तर न्यायाधिकरणाच्या निकालात मिळत नाही. गाडीत क्षमतेच्या कितीपट माणसे होती, दार बंद होण्याची सोय का नव्हती, वळणावर दोन गाड्यांत किती अंतर राहते, यांतील कशावरही निष्कर्ष नोंदविण्याची त्याला गरज नसते. आठ लाख दिले की प्रकरण संपते. मुंब्रा येथील घटनेनंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांविरुद्ध गुन्हा नोंदविला. हा दुसऱ्या टोकाचा मार्ग झाला. तो व्यक्तींचा दोष शोधतो. संस्था म्हणून रेल्वेने गर्दीचे काय करावयास हवे होते, याची तपासणी या दोन्ही मार्गांत होत नाही. ती जनहित याचिकांवर सोडलेली आहे. स्वयंचलित दारांची वातानुकूलित लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली. साध्या लोकलनाही अशी दारे देण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला तो मुंब्रा घटनेनंतर.

अभिलेखांविषयी

दावा दाखल करण्याची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. अशा अर्जास शुल्क नाही. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. स्थानक प्रमुखाचा मेमो, लोहमार्ग पोलिसांकडील अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा रुग्णालयाची कागदपत्रे आणि पासाची प्रत, हे दाव्याचे मुख्य आधार.

विद्यार्थ्याच्या बाबतीत यांत आणखी एक कागद महत्त्वाचा ठरू शकतो. रेल्वेच्या सवलतीच्या पासासाठी महाविद्यालयाचे कार्यालय विद्यार्थ्याला प्रमाणपत्र देते आणि त्याची नोंद किंवा स्थळप्रत कार्यालयात राहते. कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत, कोणत्या तारखेला, किती मुदतीच्या पासासाठी प्रमाणपत्र दिले, हे तीत लिहिलेले असते. पास सापडला नाही तरी पालकांच्या प्रतिज्ञापत्राला या नोंदीचा भक्कम दुजोरा मिळू शकतो. बहुतेक महाविद्यालयांत ही पुस्तके वर्ष संपल्यावर रद्दीत जातात. दावा वर्षभराने दाखल होऊ शकतो आणि अपिलात दहा-वीस वर्षेही चालू शकतो, हे ध्यानी घेऊन या स्थळप्रती किती काळ जतन कराव्यात, हे प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या अभिलेख जतन नियमांत ठरवून घेणे इष्ट होय.